प्लास्टिकचा चौकोन

सगळ्यात आधी कपाटाचं दार अडायला लागलं.
मला वाटलं, बिजागरी.
तेल घातलं, कानशीनं घासलं.
मग एका सकाळी चहा घेऊन येताना
अंगठ्याला एक उंचवटा लागला,
काल नव्हता.
दिवाळीपर्यंत हॉलच्या मधोमध
चादरीखाली मांजर शिरावं
तशी पाठ काढून बसली होती जमीन.

शाल्मलीच्या पहिल्या पगाराची जमीन.
लादी थंड लागते आई, तुझे गुडघे.
सागवानी रंगाच्या पट्ट्या, खटकन एकमेकींत बसणाऱ्या,
दुकानदार म्हणाला होता, दहा वर्षं बघायला नको.
अठरा हप्ते.
सात भरलेत.

सेक्रेटरी म्हणाला, तुमच्या बाथरूमचं असेल.
प्लंबर म्हणाला, बाथरूमचं नाही.
जमीनवाला म्हणाला, तुम्ही ओल्या फडक्यानं पुसता.
मग काय, म्हटलं, कोरड्या बोलण्यानं पुसू?

शेवटी धनेसर मिस्त्री आला.
चार पट्ट्या उचकटल्या, खालचा स्लॅब झाडून घेतला,
त्यावर हातभर प्लास्टिक पसरलं,
चारी कडांना पट्टी चिकटवली.
रात्रभर हात नका लावू, म्हणाला,
पंखाही नको.

त्या रात्री मी दोनदा उठले.
दवाखान्यातून कुणाला तरी घरी आणलंय
आणि बाहेरच्या खोलीत निजवलंय, असं वाटत होतं.

सकाळी चौकोनाच्या पोटाला थेंब.
मोहरीएवढे, मधोमध साबुदाण्याएवढे.
वरून आलेले नाहीत,
नळातून नाहीत.
आम्ही तळमजल्यावाले, आमच्याखाली कुणी राहत नाही,
असं एकवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले.

खाडीकडल्या घरांतून हिराजी भोईर आले बघायला,
पंच्याऐंशीचे, काठीनं टकटक करत.
हे सगळं भांडुपचं मिठागर.
तुमच्या सोफ्याखालून, म्हणाले, आमचा बांध जायचा.
भरणीचे डंपर यायला लागले तेव्हा
बसून मोजले होते त्यांनी,
चारशेनंतर मोजणं सोडलं.
चहा अर्धा ठेवून गेले.

पट्ट्यांच्या पाठीला पांढरी भुकटी धरली होती.
मी दार लावून घेतलं
आणि बोट लावून चाखली.
खारट लागावी असं मला फार वाटत होतं.
निदान समुद्र तरी म्हणता आलं असतं,
माणूस समुद्राशी भांडत नाही.
तुरट लागली. चुन्यासारखी.
स्लॅबखाली अंथरायचा कागद
बिल्डरनं वाचवला होता, धनेसरनं सांगितलं.
जाडी किती असते त्याची?
पाव मिलिमीटर.

आता हॉलमध्ये नुसता कोबा.
आधी सुकू दे, मग दोन हात लेप, मग साधी लादी.
किती दिवस, विचारलं
तर त्यानं जमिनीकडे बघितलं,
जणू तीच सांगणार होती.
उखडलेल्या पट्ट्या पॅसेजमध्ये रचल्यात,
प्रत्येकीचा बाक वेगळा,
एकीवर दुसरी आता बसत नाही.

शाल्मलीचा रविवारी हैदराबादहून व्हिडिओ कॉल येतो.
मी मोबाईल उंच धरते,
खिडकी दाखवते, पडदे, पंखा,
कमरेखाली घर येऊ देत नाही.
गुडघे?
मजेत, म्हणते. उबदार वाटतं गं पायांना.
आणि पायांत दोन-दोन मोजे.

गॅसवाल्याच्या कॅलेंडरवर मी थेंब लिहून ठेवते.
सोमवारी एकोणीस.
गुरुवारी चौदा.
काल सतरा, का ते कळलं नाही,
भरती होती का कुणाला तरी विचारायचं राहिलं.
आज अजून उचलून बघितलेलं नाही.
आधी भाजी निवडून घेते.